जावयाच्या फेरीची वेळ

कळमनुरी, सेनगाव, वसमत, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट कुठंही भरो, बैलजोड्यांची वेळ घ्यायला किसनसिंग राठोडच लागायचा. दुसऱ्या कुणाच्या हातात घड्याळ दिसलं की जोडीवाले कुरकुर करायचे, किसनसिंग दिसला की गप्प बसायचे. माणूस तसा काही देवमाणूस नव्हता. तोंडाचा फटकळ, राग नाकावर. तांड्यातल्या निम्म्या लोकांशी त्याचं पटत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना तो मोजत नव्हता. पण वेळेच्या बाबतीत त्याच्याकडं बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती.

तिकडच्या पटात जोडी एकटीच पळायची. तिच्यासमोर असायचं ते फक्त घड्याळ. झेंडी पडली की चालू, बैलांनी रेषा ओलांडली की बंद, आणि भोंग्यावरून वेळ पुकारली की त्या जोडीचा निकाल लागला. पापणी लवायच्या फरकानं बक्षीस इकडचं तिकडं जायचं, आणि तो फरक सगळा वेळ घेणाऱ्याच्या अंगठ्यात असायचा. म्हणून किसनसिंगनं एक शिस्त पाळली होती. पटाच्या दिवशी कुठल्याही जोडीवाल्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तो घरून स्वतःचा तांब्या घेऊन जायचा. हट्टा गावच्या एका बड्या बागायतदारानं एकदा प्रेमानं चहा पुढं केला, तर 'बैलाला पाजा, त्याला पळायचं हाय' म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. बागायतदार वर्षभर रुसला. पुढच्या पटाला त्यानंच किसनसिंगला आणायला जीप पाठवली.

अशा माणसाचा जावई मोटारसायकली पळवणारा निघाला. ओमप्रकाशचं वारंगा फाट्यावर गॅरेज होतं. हात चांगला होता, गिऱ्हाईक तुटत नव्हतं, पण त्याचा सगळा जीव त्याच्या जुन्या आरएक्समध्ये. परभणी म्हणू नका, अकोला म्हणू नका, कुठं मातीच्या मैदानावर शर्यत लागली की हा गॅरेजला कुलूप ठोकून पसार. किसनसिंगला आधी त्याचं कौतुकच वाटायचं. पोरीला पळणारा नवरा मिळाला, बैल नसला तरी चालतं, असं तो पाव्हण्यांना हसत सांगायचा.

मग मुंजाजी पडला. पुसेगावचा हा पोरगा ओमप्रकाशचा जिवाभावाचा दोस्त. एका शर्यतीत दुसऱ्याची गाडी त्याच्या कमरेवरून गेली आणि खालचं अंग कायमचं गेलं. ओमप्रकाश बायकोला, शिलाला घेऊन त्याला भेटायला गेला. मुंजाजीची बायको बेबीबाई नवऱ्याला कुशीवर वळवत होती. पाव्हणे आले म्हणून थांबली नाही, काम पुरं करूनच तिनं पाणी आणलं. शिला तिथून परत आली ती वेगळीच होऊन. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिनं नवऱ्यापुढं हात जोडले, भांडली, माहेरी निघून जायची धमकी दिली. ओमप्रकाशचं एकच उत्तर, 'एवढा हंगाम जाऊ दे.'

हंगाम जायच्या आत नांदेडचा धर्मसिंग आला. ही दोन हजार दोनच्या हिवाळ्यातली गोष्ट. धर्मसिंगचं मोटारसायकलच्या सामानाचं मोठं दुकान होतं, आणि पुण्याकडच्या शर्यतींना वर्षभर आपला एक गडी पाठवावा असं त्याच्या मनात होतं. गाडी त्याची, खर्च त्याचा. गडी निवडायला त्यानं फाट्याजवळचा एक माळ दिवसभरासाठी घेतला. चुन्यानं वाट आखली, वळणांवर जुने टायर मांडले. शर्यत ठेवली नव्हती. एकेकानं यायचं, पाच फेऱ्या मारायच्या, दर फेरीची वेळ लिहिली जाणार, आणि दिवसभरात ज्याची एक फेरी सगळ्यांत जलद तो पुण्याला जाणार.

वेळ कुणी घ्यायची, तर फाट्यावरच्या सगळ्यांच्या तोंडी एकच नाव.

किसनसिंग आधी नको म्हणाला. "माझा जावई हाय त्याच्यात."

"तुमी तर पोटच्या पोराला बी सोडणार न्हाई," चहावाला ग्यानोबा म्हणाला.

झालं. हे ऐकून किसनसिंग असा फुलला की नाही म्हणायचं राहूनच गेलं. माणसाला त्याच्या चांगुलपणाची स्तुती करून कुठंही नेता येतं.

त्या दिवशी सकाळी तो लेकीच्या घरूनच निघाला. ओमप्रकाश गाडी घेऊन पहाटेच माळावर गेला होता. शिलाला सातवा लागला होता. तिनं बापाला भाकर वाढली आणि समोर बसली.

"बापू, आज तुमच्या हातात हाय."

"काय हाय?"

"त्यायला निवडलं तर ते वर्षभर तिकडं. न्हाई निवडलं तर सोडून देतो म्हणले. लेकराची आण घेतली त्यायनी."

किसनसिंगचा घास हातातच राहिला. "शिले, काय बोलून राहिली तू? तीस वर्ष झाली मला घड्याळ धरून."

"मला काय ठावं न्हाई का?"

"मग काहून बोलतीस?"

"तुमी बेबीबाईला बघितलं न्हाई, बापू. मी बघितलं."

ती रडली असती तर तो ओरडला असता आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. ती रडली नाही. तिनं पाण्याचा गिलास पुढं सरकवला आणि चुलीकडं गेली. किसनसिंग पाणी पिऊन उठला. माळाच्या अर्ध्या वाटेवर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आज आपण पळणाऱ्याच्या घरी जेवलो आणि पाणीही प्यालो. असं याआधी कधी झालं नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

माळावर जत्रा जमली होती. आजूबाजूच्या तांड्यांवरची, गावांतली माणसं झाडांवर, टेम्पोच्या टपांवर चढून बसली होती. धुळीनं तोंडं ओळखू येत नव्हती. किसनसिंग रेषेवर खुर्ची न घेता उभा राहिला. फेऱ्या एकामागून एक होत्या, म्हणून त्यानं दोन घड्याळं घेतली होती. पुढचं चाक चुन्यावर आलं की उजव्या हातातलं बंद आणि त्याच क्षणी डाव्या हातातलं चालू. पुढच्या फेरीला हात बदलायचे. तो आकडा सांगायचा, भोंगेवाला पुकारायचा, आणि खाकी सदऱ्यातला धर्मसिंगचा एक माणूस तो फळ्यावर खडूनं लिहून उंच धरायचा. पब्लिकला दिसावं म्हणून असेल, असं किसनसिंगला वाटलं आणि त्यानं फळ्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

दुपारपर्यंत नांदेडचा एक पोरगा सगळ्यांच्या पुढं होता. चव्वेचाळीस सेकंद. उन्हं कलायला लागली तेव्हा ओमप्रकाशचं नाव पुकारलं.

पहिल्या दोन फेऱ्या त्यानं वाट अजमावण्यात घातल्या. किसनसिंगनं त्यांची वेळ घेतली ती बरोबर घेतली. तिसऱ्या फेरीला आवाजच बदलला. तीस वर्षं पळती जोडी पाहिलेल्या माणसाला वेळ घड्याळात बघावी लागत नाही, ती त्याला अंगात कळते. बाभळीच्या वळणातून ओमप्रकाश बाहेर पडला तेव्हाच किसनसिंग समजला की नांदेडचा पोरगा मागं पडला. छाती अभिमानानं भरून आली. आणि त्याच छातीत शिलाचं सकाळचं बोलणं होतं.

चाक रेषेवर आलं. डावा अंगठा सवयीनं पडला, नवी फेरी मोजायला लागला. उजवा मात्र तसाच उचललेला राहिला. अगदी एक ठोका. मग पडला.

"चव्वेचाळीस, वर सात," किसनसिंग म्हणाला. चव्वेचाळीस सेकंद आणि वर सात दशांश, घड्याळात तेवढेच होते. भोंग्यानं पुकारलं, लोकांनी हळहळ केली, फळा वर गेला.

किसनसिंगला सुटल्यासारखं वाटलं. झालं ते झालं, निकाल लागला, लेक सुखी राहील. पटात वेळ पुकारली की गोष्ट संपते, जोडी हाकणारा धुरकरी बैल सोडून सावलीला नेतो. त्याच्या डोक्यात तेच होतं. चौथ्या फेरीला ओमप्रकाश समोरून जाताना त्याची मान फळ्याकडं वळलेली किसनसिंगला दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही. ही फेरी आधीपेक्षाही जलद होती. अंगठा पुन्हा मागं राहिला. "चव्वेचाळीस, वर चार."

ओमप्रकाशनं पुन्हा फळा वाचला. या वेळी तो पेट्रोलच्या टाकीवर आडवा झाला, एवढा की पाठ दिसेना. तेव्हा कुठं किसनसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बैलाला वेळ वाचता येत नाही. मागची फेरी कमी पडली म्हणून बैल पुढच्या फेरीला जिवावर उदार होत नाही. फळा पब्लिकसाठी नव्हताच, तो पळणाऱ्यासाठी होता, आणि आपण दोनदा त्या पोराला सांगितलं की तू अजून कमी पडतोस.

"हळू!" तो ओरडला. "ओमप्रकाश, हळू जा!" हातातली घड्याळं टाकून तो वाटेवर धावला. गाडीच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. भोंगेवाल्याला वाटलं, सासरा जावयाला चेतवतोय, आणि तोही भोंग्यावरून ओमप्रकाशच्या नावानं ओरडायला लागला. बाभळीच्या वळणाला ज्या वेगानं कुणीच गेलं नव्हतं त्या वेगानं ओमप्रकाश शिरला. मागचं चाक सरकलं, टायर उडाले, आणि धुळीचा मोठा लोट उठला.

जीव वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि गुडघ्याचा चुरा झाला होता. नांदेडच्या दवाखान्यात सळई घातली. गुडघा आता पुरता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

ओमप्रकाश जरा बोलायला लागला तसा धर्मसिंग सफरचंदं घेऊन आला. शिला डबा घेऊन आलेली होती. किसनसिंग खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो तिथं बसत नसे.

"देख बेटा," धर्मसिंग म्हणाला, "मेरी कलाई की घड़ी में तेरा तीसरा चक्कर तैंतालीस, ऊपर आठ का निकला. ऐसे ही दबा रहा था मैं, शौक से. सबसे तेज तू ही था. पैर ठीक होने दे, मैं रुकता हूँ."

किसनसिंगनं खाटेची कड धरली. ओमप्रकाश मात्र हसला.

"सेठ, तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचं काय घेऊन बसले? मामाच्या वेळेला आजवर कुणी खोटं म्हणलं न्हाई. तुमच्याकडून मागंपुढं झालं असंल. चुकीच्या वेळेवर जागा घेऊन मी तिकडं काय तोंड दाखवू?"

धर्मसिंगनं किसनसिंगकडं पाहिलं. "चाचा, आप ही बोलो."

शिला बापाकडं बघत नव्हती. ती डब्याचं झाकण आवळत होती, आवळलेलंच होतं तरी. किसनसिंगला वाटलं, बोलून टाकावं. मग त्याची नजर तिच्या पोटाकडं गेली.

"घड्याळात दिसलं ते मी सांगितलं," तो म्हणाला.

धर्मसिंगनं मान हलवली, ओमप्रकाशच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. पुण्याला नांदेडचा पोरगा गेला.

ही गोष्ट फाट्यावरून पसरायला किती वेळ लागणार? समोर सेठ स्वतः जागा देत असताना किसनसिंगनं सख्ख्या जावयाला एक ठोकासुद्धा सोडला नाही, असं जो तो सांगू लागला. त्या हंगामात त्याला कधी नव्हती एवढी आमंत्रणं आली. लांबलांबच्या पटांतून माणसं यायची. किसनसिंग डोळे गेले म्हणायचा आणि दारातूनच परत लावायचा. डोळ्यांना काही झालं नव्हतं. तांड्यातल्या बायकांना तो लांबून नावानं हाक मारायचा हे सगळे बघत होते. म्हातारा चळला, एवढंच लोक म्हणायचे.

शिलाला मुलगी झाली. ती बापाशी आधीसारखीच बोलायची, भाकर वाढायची, पण दोघं एकटे राहिले की काहीतरी काम काढून उठायची. ओमप्रकाशनं आरएक्स विकली. गॅरेज पुन्हा चालू केलं, ताठ पाय बाजूला टाकून स्टुलावर बसून तो काम करायचा आणि नव्या गिऱ्हाइकाला सासऱ्याची गोष्ट हमखास ऐकवायचा. म्हणून किसनसिंगनं गॅरेजकडं जाणं सोडलं.

दोन-तीन वर्षांनी मात्र एका दुपारी तो मुद्दाम गेला. आता सांगायचंच, असं ठरवून गेला होता. पोरगं एवढं हुशार, एवढं जलद, आणि आपण कमी होतो असं मानून जन्म काढणार, हे त्याला गिळवत नव्हतं. शिला बाजाराला गेली होती. ओमप्रकाश मुलीला मांडीवर घेऊन बसला होता.

"जावईबापू," किसनसिंग म्हणाला, "ती तिसरी फेरी..."

"मामा, तुमी अजून तेच घेऊन बसले का?" ओमप्रकाशनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "मला राग न्हाई हो. खरं सांगू? मला वाटायचं माझ्याएवढा जलद कुणी न्हाई. तुमच्या जागी दुसरा सासरा असता तर त्यानं जावयाची बाजू घेतली असती, आन मी तिकडं जाऊन मुंजाजीसारखा पडलो असतो. मी हळू हाव, हे तुमी तोंडावर सांगितलं, म्हणून आज या लेकरापाशी हाव. व्हय का न्हाई?"

मुलगी आजोबाकडं बघत होती. किसनसिंगनं ओठ उघडले. घड्याळात दिसलं ते सांगितलं, असं तरी आजवर त्याला स्वतःला म्हणता येत होतं, आता तेही उरणार नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.