नगरच्या मातीत आमचं वादळ

पुण्याहून निघून शिरूर सोडलं, घोडनदीचा पूल ओलांडला, नगर जिल्हा सुरू झाला, तरी सुमनताई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सुमनताई म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून मैदानभर पोचेल असा. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले. त्यानंतर त्यांना घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आमच्या 'दख्खन वादळ' या हॉकी संघाच्या मॅचेस. आणि आता ते वादळच मोडलं होतं.

लीगमध्ये तळाला राहिल्यावर नवे कोच आले आणि त्यांनी जवळजवळ सगळे जुने खेळाडू सोडले. ताईंचा लाडका कप्तानसुद्धा. त्याच्या जागी कोवळी, कुणाला ठाऊक नसलेली पोरं घेतली. "ही काय आपली टीम आहे?" असं म्हणून ताईंनी टीव्ही बंद केला, तो बंदच राहिला. मला टीमपेक्षा त्या बंद टीव्हीची जास्त काळजी वाटत होती. म्हणून नवी टीम नगरला सरावाची मॅच खेळणार आहे असं कळताच मी गाडी काढली. ताईंना म्हटलं, "सोबत म्हणून तरी चला." त्या आल्या, पण फक्त सोबत म्हणून.

सकाळचं ऊन छान होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसावर आलेली, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे. लांबच्या डोंगरावर पवनचक्क्या आळसावल्यासारख्या फिरत होत्या. सुप्याजवळ गाडीने एकदम डावीकडे ओढ घेतली. पंक्चर!

पंक्चरच्या दुकानातल्या बाकावर कारखान्याच्या गणवेशातला एक जण चहा पीत बसला होता. तिशीतला, झोपेने डोळे तांबारलेले. त्याने गाडीच्या काचेवरचं वादळाचं स्टिकर पाहिलं आणि हसला.

"मॅच बघाया निघाल्या व्हय? मग मलाबी घ्या की. रातपाळी करून आलोय, यष्टी हुकली." त्याने शेजारची लांब पिशवी उचलून दाखवली. आत हॉकी स्टिक. "मी डॅनियल. आज तुमच्या टीमसंगं आमीच खेळनार हाय."

म्हणजे मी शत्रूला गाडीत घेऊन निघाले होते! डॅनियल मागच्या सीटवर बसून भरभर बोलत होता. त्यांच्या क्लबात शाळामास्तर होते, कारखान्यातले कामगार होते, एक बेकरीवालाही होता. सगळे चर्चमागच्या मैदानावर लहानपणापासून खेळलेले.

"आमचे गोली सॅम्युएल सर. पन्नाशी उलाटली, पन गोल सोडत न्हाईत. आज तुमच्या टीमला लई (फार) जड जानार, ताई."

"हरवा," सुमनताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. दोन तासांतला त्यांचा पहिला शब्द!

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, लोकांच्या तोंडी अजून नगर. मैदान गावातच होतं, कडेने कडुनिंबाची झाडं, आणि जमीन अगदी आपल्या शाळेच्या मैदानासारखी, खडी आणि फुफाटा (बारीक धूळ). आमची पोरं गुळगुळीत टर्फवर खेळणारी. इथे चेंडू टप्पा घेऊन भलतीकडेच उडायचा. मध्यंतरापर्यंत डॅनियलच्या क्लबाने दोन गोल केले. बेकरीवाल्याने दुसरा गोल मारला तेव्हा सगळं मैदान नाचलं.

आमच्या मागून कुणीतरी ओरडलं, "ह्ये वादळ व्हय? ही तर झुळूकबी न्हाई!"

लोक खो खो हसले. खरं सांगते, मलाही हसू आलं. पण सुमनताई ताडकन उठल्या आणि मागे वळल्या.

"हसायला काय झालं? पोरं नवी आहेत. अशा जमिनीवर कधी खेळलेली नाहीत. थांबा जरा, मग बघा आमची पोरं!"

आमची पोरं! मी मान खाली घालून चपलेचा पट्टा सारखा करत बसले. त्यांनी माझा चेहरा बघू नये म्हणून.

नंतर त्या खाली बसल्याच नाहीत. मैदानाच्या कडेकडेने चालत ओरडत होत्या. पोरांनाही हळूहळू जमिनीचा अंदाज आला. डाव्या बाजूला एक काटकुळा पोरगा होता. त्याने चेंडू जणू काठीला चिकटवून घेतला, तिघांना चुकवलं, शेवटी डॅनियललाही, आणि सॅम्युएल सरांच्या पायांतून गोल! डॅनियल कमरेवर हात ठेवून हसत उभा राहिला. मग आणखी एक गोल. बरोबरी! ताईंनी शेजारच्या अनोळखी आजोबांना मिठीच मारायची बाकी ठेवली. पण शेवटी त्यांच्यातल्या एका शाळामास्तराच्या जोरदार फटक्याने नगरकर जिंकले. आम्ही हरलो, तेही हौशी खेळाडूंकडून.

खेळ संपल्यावर दोन्ही टीमना झाडाखाली जेवण होतं. डॅनियलने आम्हालाही ओढून नेलं. बाजरीची भाकरी आणि शेंगोळी (कुळथाच्या पिठाची, रश्श्यात शिजवलेली वळी). रस्सा इतका झणझणीत की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सॅम्युएल सर हळूच गुळाचा खडा पुढे करून म्हणाले, "पुण्याच्या पाहुण्यांसाठी हा ठेवावाच लागतो."

तो काटकुळा पोरगा आमच्या शेजारीच बसला होता, मान खाली घालून. ताईंनी विचारलं, "कुठला रे तू?"

"भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला गाव हाय. आश्रमशाळेत खेळाया शिकलो." मग चाचरत म्हणाला, "तुमी पुन्याहून आल्या? आमची मॅच बघाया? आमाला तर कोन वळखत बी न्हाई. आन् हरलो पन."

"हरलात," ताई म्हणाल्या. "पण हरताना रडत नव्हतात, खेळत होतात. भाकरी खा आधी."

त्याने पहिल्यांदा वर बघितलं, हसला, आणि खरोखरच तीन भाकऱ्या खाल्ल्या.

परतीच्या वाटेवर पवनचक्क्यांमागे सूर्य खाली आला होता. ताईंची बडबड थांबत नव्हती. बचाव कच्चा आहे, गोलकीपर पुढे येत नाही, कोचला पत्र लिहावं का! मला आपलं वाटत होतं, लोक म्हणतात चाहते जिंकणाऱ्यांच्या मागे जातात. असतीलही. पण जिंकणाऱ्या टीमला आपली काय गरज? आज त्या पोरांना आपलं म्हणणारं कुणीतरी हवं होतं, आणि ताईंनाही कुणालातरी आपलं म्हणायचं होतं. ही टीम यंदाही तळाला राहील कदाचित. राहू दे.

ताईंच्या दारात गाडी थांबवली. त्या उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि परत येऊन खिडकीत वाकल्या.

"अगं, त्या डावीकडच्या पोराचं नाव विचारायचंच राहिलं. शोधून ठेव बाई. पुढच्या मॅचला हाक काय म्हणून मारू मी त्याला?"