एक जूनचा कोरा फळा

वर्षातले सगळे दिवस सर फळा भरायचे, फक्त एक जूनला तो कोरा ठेवायचे. दिवाळी असो नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी, सकाळी साडेसहाला ते सायकलवरून शाळेच्या फाटकाशी यायचे, खिशातून खडू काढायचे आणि 'आजचा दिनविशेष' लिहायचे. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला देश स्वतंत्र झाला, कुठला शोध लागला. चार ओळी, कधी पाच. एक जूनलाही यायचे. फळा पुसलाय ना एवढं बघायचे आणि परत जायचे.

आमची शाळा सिल्वासातली मराठी शाळा. माझा नवरा जवळच्या सायली गावातल्या कंपनीत आणि मी शाळेत झाडलोट करायची. कालचा फळा पुसणं माझ्याकडे होतं. माझं शिक्षण चौथी, त्यामुळे वाचायची सवय सुटलेली. तरी पुसण्याआधी मी ओळींवरून नजर फिरवायची. एकदा सरांनी ते पाहिलं. मी घाईने फडकं उचललं, तर म्हणाले, "थांबा ताई. वाचून झालं का? मग पुसा. न वाचता पुसणार असाल तर मी लिहितो कशाला?" त्या दिवसापासून त्यांचं अक्षर मोठं झालं. माझ्यासाठी झालं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

फाटकावरचा रखवालदार जळगावकडचा, तोंडाचा मोकळा. रोज विचारायचा, "काय सर, आज कोण गेलं?"

"तुझा नंबर नाही रे आज. निवांत बस," सर न वळता सांगायचे.

एक तारीख दोन पुस्तकांत सापडली तरच ती फळ्यावर जायची. एकदा नव्या बाईंनी मोबाईल दाखवला. "सर, हे बघा, आज यांची जयंती आहे. सगळ्या ग्रुपवर आलंय." सरांनी चष्मा वर करून वाचलं आणि मोबाईल परत दिला. "ग्रुपवर हे गेल्या महिन्यातही जन्मले होते." बाई हसल्या, पण सर हसत नव्हते. चुकीची तारीख त्यांना खुपायची. का, ते मला पुढे कळलं.

त्या एक जूनला शाळा उघडायला आठवडा होता. मी वर्ग धूत होते. सर कोऱ्या फळ्यासमोर उभे होते. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, मी विचारलं, "सर, आज काहीच झालं नव्हतं का?"

"आज फार झालं ताई, म्हणून तर लिहीत नाही."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली नोकरी इकडच्याच सुरंगी गावात. शाळेत नाव घालायला आईबाप मुलांना घेऊन आले. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, एक जून लिहा आणि मोकळे व्हा. "मी लिहीत गेलो. एका सकाळी चाळीस पोरं एक जूनला जन्माला घातली. इतक्या सुइणी तरी होत्या का तालुक्यात? त्या आया समोर बसल्या होत्या. एकीलाही विचारलं नाही, की बाई, त्या दिवशी काय होतं? तिला तारीख नसती सांगता आली, पण दिवस सांगता आला असता."

मी फडकं पिळत उभी राहिले. मग सर म्हणाले, "तुमची जन्मतारीख कधीची?"

"कागदावर आजचीच, सर."

त्यांनी कोऱ्या फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई आहे?"

"आहे. धुळ्याकडे, भावाजवळ. हल्ली विसरते फार."

"मग आठवड्यात जाऊन या. तिला आठवतंय तोवरच तुमचा दिवस आहे."

मला लाज वाटली. या वयात आईला काय विचारायचं, माझा वाढदिवस कधी? तरी एसटीत बसले. आई ओसरीवर होती. मला आधी मावशीच्या नावाने हाक मारली, मग ओळखलं. दोन दिवस मी तिचे पाय चेपले, विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं. ती लगेच म्हणाली, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती, "पोयाना दुसरा दिन व्हता. बैलेसना शिंगडासवर रंग तसाच व्हता."

पोळ्याचा दुसरा दिवस. पण साल कुठलं? ते तिला सांगता येईना. मग म्हणाली, "तू पोटमा व्हतीस तवय मी शायानी खोलीसाठे खडी वाहेल शे."

ज्या खोलीत मी चौथीपर्यंत बसले, तिची खडी आईने मला पोटात घेऊन वाहिली होती. मी उठून शाळेकडे गेले. भिंतीत पायाभरणीचा दगड होता, चुन्याखाली बुजलेला. नखाने खरवडला. उन्हाळ्यातला महिना आणि साल निघालं. मी ते हातावर पेनाने लिहून घेतलं आणि परत येऊन सरांना सांगितलं.

सरांचे वडील जुनी पंचांगं टाकत नसत. सरांनी कोकणातल्या घरी भावाला फोन करून माळ्यावरची पेटी उघडायला लावली. पोळ्याची अमावास्या सापडली, त्यापुढचा दिवस माझा. मी कागदावरच्यापेक्षा सव्वा वर्षाने लहान निघाले. "घ्या ताई, बसल्या जागी तरुण झालात," सर म्हणाले. मग हळूच विचारलं, "फळ्यावर लिहू?"

"नको सर. सगळे वाचतील."

तो दिवस आला तेव्हा फळ्यावर मोठ्या माणसांच्याच चार ओळी होत्या. माझं काही नव्हतं. पण मी पोचायच्या आत कालचा फळा सरांनी स्वतः पुसून ठेवला होता. दिवाळीला गेले तेव्हा आईने मला ओळखलं नाही आणि त्या थंडीतच ती गेली.

सर निवृत्त होऊन कोकणात गेले. दर वर्षी माझ्या तारखेला सकाळी साडेसहाला त्यांचा फोन यायचा. शुभेच्छा वगैरे द्यायचे नाहीत. विचारायचे, "ताई, आज काय आहे?" आणि थांबून राहायचे. मला तोंडाने म्हणावंच लागायचं, "आज माझा वाढदिवस आहे." मग ते "बरोबर" म्हणायचे. पेपर तपासल्यासारखं.

यंदा फोन आला नाही. सात वाजले, आठ वाजले. शेवटी मीच लावला. सरांच्या पत्नींनी उचलला. म्हणाल्या, "अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलता येत नाही, पण ऐकू येतं. कानाशी धरते, बोला तुम्ही."

मला फोनवर बोलायला कधी जमत नाही. शेजारच्या बायका नळावर होत्या, त्या बघत होत्या. मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "सर, आज माझा वाढदिवस आहे." मग साल सांगितलं, महिना सांगितला, पोळ्याचा दुसरा दिवस सांगितला, आईचं नाव सांगितलं. सर लिहायचे तशाच चार ओळी झाल्या. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही सांगत होता तोवर त्यांनी मला फोन कानापासून हलवू दिला नाही."