बायकोची दाढ आणि आमचं शहाणपण

धावडा गावात तव्हा आमच्यासारखे शहाणे लई होते. शाळा तिसरीपर्यंत, अन् अक्कल साऱ्या तालुक्याला पुरंल एवढी. त्यात मी पयला.

आणीबाणीचे दिवस, गावोगाव नसबंदीची धास्ती होती. दवाखान्यातली नर्सबाई महिन्यातून एकदा चालत यायची. तिची पांढरी साडी दिसली की बाप्ये लपायचे. माझी बायको सातव्या महिन्यात होती. आधीचं लेकरू पोटातच गेल्तं. नर्सबाई आली अन् तिला म्हणली, "आ कर."

मी म्हणलं, "बाई, तुमी पोट पाह्यला आल्या का तोंड?"

"दादा, पोटात जातं ते तोंडातूनच ना?"

बायकोच्या हिरड्या मिसरीनं काळ्या, एक दाढ किडलेली. बाई तिला म्हणली, "मिसरी बंद. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भर. अन् दाढ दाखवायला भोकरदनच्या दवाखान्यात चल, मी संग येते."

मी लगेच वळखलं. दाढ हा बहाणा, नेलं की ऑपरेशन उरकणार. पारावरचे चौघं म्हणले, "बिलकुल बराबर!" त्यातल्या एकानं तरी दवाखाना आतून पाह्यला होता का? न्हाई. पण माना कशा डोलवल्या!

मी बायकोला धाडलंच न्हाई. मंग माझ्या चुलतीनं तिच्या गालाला बिब्बा लावला. दाढ तर दुखतच राह्यली, वरून गाल भाजला. चार दिवस भाकर न्हाई, नुसती पेज. पाचव्या दिवशी बायको म्हणली, "लेकरू कालपासून हलून न्हाई राह्यलं."

चुलतीनंच शेजारच्या गावात आलेल्या नर्सबाईला बोलावून आणलं. मी दारात आडवा. बायकोनं डोक्यावर पदर घेतला अन् म्हणली, "मागच्या खेपेला तुमचंच ऐकलं. सरका."

मी सरकलो. यष्टीत मागच्या बाकावर बसून गेलो, अन् दवाखान्यात तिच्या खाटेपाशी पहाऱ्याला उभा राह्यलो.

डॉक्टर म्हणले, "काय राव, कशाचा पहारा?"

"ऑपरेशन करू देणार न्हाई."

"दाढेतून ऑपरेशन करायची विद्या मला अजून आली न्हाई. बाजूला व्हा."

नर्सबाईनं पोटाला नळी लावली. लई वेळ कान देऊन राह्यली. माझी मान ताठच. शेवटी ती म्हणली, "ठोके बराबर हायेत. खाल्लं न्हाई म्हणून थकलंय." मंग डॉक्टरांनी पू काढला, दाढ उपटली. रात्री बायकोनं दुधात कुस्करून अर्धी भाकर खाल्ली, अन् लेकरानं पोटात लाथ मारली. तिनं माझा हात धरून तिथं ठेवला.

लेक झाली, धडधाकट. बाराव्या दिवशी नर्सबाई आली, बाळंतिणीच्या हिरड्या पाह्यल्या अन् चांगल्या हायेत म्हणली. मी तिथंच बसलेलो. चहा घेऊन जा, एवढं बी माझ्या तोंडून निघालं न्हाई. ती उन्हात तशीच चालत गेली.