दाराच्या पोटातली वाळू

माझ्या नवऱ्याचं गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान केरळात समुद्रकाठच्या एका गावात होतं. मी विट्यात सासूसासऱ्यांजवळ राहून मुलं वाढवली. दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते कायमचे परत आले, तेव्हा ट्रकमधून सामानाआधी एक गाडी उतरली. लाल, बुटकी, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कार, वर कापडी टप. घरात कुणालाच तिचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्याशी फारसं बोलले नाही.

शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवल्यावर गाडीची खरी अवस्था कळली. खाऱ्या हवेनं ती खालून पोखरली होती. पायाखालचा पत्रा बोटानं दाबला की पापडासारखा मोडायचा. त्यांनी तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी खोकून खोकून अंगणात बसले. सोनं गाळताना वर्षानुवर्षं तेजाबाचा धूर घेतलेली छाती ती. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि धूळ अजिबात चालणार नाही, असं बजावलं.

एसटीनं घरी आल्यावर ते म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावतो."

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. मी म्हणाले, "तुमी लांब बसून सांगा. मी घासते."

"तुला जमंल?"

"जन्मभर काळी भांडी घासली, ह्ये का न्हाई जमायचं?"

त्यांचा जुना शर्ट, डोक्याला आणि नाकाला पंचा, अशी मी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत घास, मग गंज मारायचं औषध, ते वाळलं की रेड ऑक्साईडचा हात, असं एकेक सांगायचे. सडलेला तळ उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून नव्या पत्र्यानं जोडून घेतला. जाऊ एकदा बघून गेली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजली की दार आतून सडतं, असं त्यांनी सांगितलं. मी तार घालून भोक मोकळं केलं, तर आतून पांढरी वाळू झरझर गळली. ती तळहातावर घेऊन मी त्यांच्याकडं गेले.

त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली. मग सांगू लागले. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असलं की ते गाडी घेऊन समुद्रावर जात, सूर्य बुडेपर्यंत बसत. ट्रक आला त्या दिवसापासून जे ओठांवर होतं, ते मी विचारलं, "शेजारी कोण असायचं?"

"कुणी न्हाई. डबा असायचा." वाळूकडं बघत म्हणाले, "तुला दाखवायचा हुता समुद्र. दर साली वाटायचं, औंदा आणू."

कधी सासूचं आजारपण, कधी मुलांच्या परीक्षा. माझंच जाणं झालं नव्हतं. मला त्यांचं बोलणं खरं वाटलं. आजही वाटतं. मी तार घेऊन दुसऱ्या दाराकडं गेले.

पुन्हा गंज धरू नये म्हणून सगळ्या पोकळ जागांत पिचकारीनं तेल सोडून झालं, रंग झाला आणि दिवाळीनंतर आम्ही माझ्या माहेरी, वडूजला निघालो. टप उघडा होता. वारं एवढं, की पदर दातांत धरून बसले. मायणीच्या पुढं त्यांना धाप लागली. क्लच फार जड होता. गाडी कडेला घेऊन आम्ही बाभळीखाली बसलो. मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय मोडलं व्हय?"

"न्हाई, बसलूय जरा," ते म्हणाले.

दम खाऊन ते पुन्हा चालवायला बसले आणि आम्ही सावकाश वडूजला पोचलो. त्याच रात्री मी त्यांना सांगितलं, की मी गाडी शिकणार. त्यांनी नको म्हटलं नाही. आधी क्लच हलका करून घेऊ, म्हणाले.