पंधराशे चाळीसला थांबा

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर मनातल्या मनात नाक मुरडत आले आहे. मी इंजिनियर आहे. आकडा दिसला तर विश्वास, नाहीतर नाही... असा सरळ हिशेब. पण गेल्या वर्षीच्या एका दुपारपासून माझं कशातच धड लक्ष लागत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आधी कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी खराडीला एका ऑइल सर्व्हिस कंपनीत आहे. तेलाच्या विहिरी राजस्थानात, आणि आम्ही आठव्या मजल्यावर एसीत बसून त्यांचे आकडे लाइव्ह बघतो. आमचं काम कॉइल्ड ट्यूबिंगचं. म्हणजे एकच सलग स्टीलचा पाइप — जेमतेम दीड इंच जाड, पण काही किलोमीटर लांब — भल्यामोठ्या रिळावर गुंडाळलेला. विहीर बंद न करताच तो आत सोडता येतो. तळाशी वाळू साचली की धुऊन काढायची, पाणी भरून विहीर बसली की नायट्रोजन सोडून ती पुन्हा वाहती करायची, कधी ॲसिड टाकायचं... डॉक्टर नळी घालून पोट धुतात, साधारण तसंच. फक्त हा पाइप दर वेळी रिळावर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. वाकून वाकून स्टील थकतं. आणि आत दाब असताना तो जमिनीवर, माणसांच्या जवळ फुटला तर काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

माझ्या वडिलांनी, पप्पांनी, अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं. मी या लाइनीत आले ती त्यांच्यामुळेच. आता ते आणि आई धायरीला राहतात. पप्पांना स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाहीत, 'आपण कोण' म्हणून अदबीने विचारतात. त्या दिवसाआधीचे कितीतरी महिने त्यांनी एक पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे अडीच वाजत आले होते. विहिरीतली वाळू धुऊन झाली होती आणि पाइप वर ओढणं चालू होतं. साइटवर खैरनार नावाचे सुपरवायझर होते, मूळचे नाशिकचे. तोपर्यंत मी त्यांना फक्त हेडसेटमधल्या आवाजाने ओळखत होते. इतक्यात आईचा फोन आला. कामाच्या वेळी ती कधी करत नाही, म्हणून उचलला.

"अगं, हे बघ काय चाललंय! गॅलरीत उभे आहेत, ग्रिल घट्ट धरलंय आणि ओरडताहेत. समोरच्या काकू बाहेर आल्या बघायला."

"काय ओरडताहेत?"

"पंधराशे चाळीस. पंधराशे चाळीसला थांबा, रिळापासून माणूस हटवा. हे काय आहे गं? तुला काही कळतंय का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. पाइप अजून १५९८ मीटर आत होता. आकडा उतरत होता... ९७, ९६...

"आई, फोन त्यांच्या कानाला लाव. पप्पा, मी बोलतेय."

पलीकडून आला तो पप्पांचा जुना आवाज. साइटवरचा. "ओढताय काय नुसतं? पाइप गेलाय तिथे. दाब काढा आधी!"

सॉफ्टवेअर सांगत होतं, पाइपचं निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक आहे. वजन, दाब, सगळ्या रेषा सरळ. काय कारण देऊ? माझे वडील धायरीत गॅलरीतून ओरडताहेत म्हणून?

१५८४.

"खैरनार, थांबा. ओढणं बंद करा."

"का मॅडम? इकडे सगळं ओके आहे."

"माझ्याकडे वजनाचं रीडिंग नाचतंय." धडधडीत खोटं. "पंप बंद करा, पाइपमधला दाब पूर्ण काढा. आणि रिळाजवळ कोणी नको. कोणी म्हणजे कोणीच."

"पाऊण तास जाईल यात. क्लायंटला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

तो पाऊण तास मी खुर्चीत बसू शकले नाही. खिडकीपाशी जात होते, परत येत होते. शेजारच्याने विचारलं, बरं वाटत नाहीये का. मध्येच आईचा मेसेज आला — झोपले. चहाला हात लावला नाही.

दाब उतरल्यावर त्यांनी अगदी सावकाश ओढायला सुरुवात केली. १५६०. १५५०. १५४१ वर खैरनारांचा आवाज आला, एकदम बारीक.

"मॅडम... पाइपला चीर आहे. नखाएवढी. रिळावर वाकतो तिथेच. पाणी झिरपतंय त्यातून. दाब असता तर..."

मी तो आकडा वहीत लिहून घेतला.

संध्याकाळी थेट धायरी गाठली. पप्पा खुर्चीत शांत बसले होते. म्हटलं, "पप्पा, तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आपण कोण?"

आई म्हणाली, "घरात बाथरूम कुठंय ते सांगता येत नाही आणि राजस्थानचं बरं सांगता येतं." पण बोलता बोलता ती एकच कप दोनदा विसळत होती.

तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. त्या दिवशी काम चालू आहे हेसुद्धा मी घरी बोलले नव्हते. तो पाइप पप्पा निवृत्त झाल्यानंतर बनलेला. योगायोग म्हणावा, तर मीटरसकट?

ऑफिसात माझं कौतुक झालं. काय नजर आहे म्हणाले. ते कौतुक मला पचलं नाही. शेवटी एका रविवारी फोन करून खैरनारांना सगळं खरं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. पुढच्या सुट्टीत पेढे घेऊन धायरीला आले.

मी ओळख करून द्यायच्या आधीच पप्पांनी मान वर केली आणि विचारलं, "डावा हातमोजा सापडला का तुमचा?"

खैरनारांनी हातातले पेढे पप्पांपुढे ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही थांबा म्हणालात ना... तेव्हा मी हातमोजा उचलायला रिळाकडेच निघालो होतो. डावाच होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही."

पप्पा तोवर पेढ्याचा कागद उलगडण्यात गुंतले होते. त्यानंतर त्या विषयावर ते एक शब्द बोललेले नाहीत. याचा अर्थ काय लावायचा, मला कळलेलं नाही. एवढंच झालंय की, काम चालू असताना आईचा फोन वाजला की माझा एक हात फोनकडे जातो आणि दुसरा हेडसेटच्या बटणावर.