मामंजींची उन्हाळी

लघवीच्या वासाची मला अजून शिसारी येते. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत तो वास भिंतींत मुरला होता. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, साठी उलटल्यावर मोरीत किती किती वेळ उभं राहावं लागायचं. ते कण्हायचे, थुंकायचे, आणि चार हातांवर मी पोळ्या लाटत असायची. मोरीला दार कुठलं, नुसतं गोणपाट. पण घरात कोणी चकार शब्द काढत नसे. वडीलधाऱ्यांच्या लघवीबद्दल बोलायचं, तेही सुनेनं? शांतं पापम्.

सासूबाईंनी त्याला उन्हाळी ठरवून टाकलं होतं. अंगात उष्णता झालीय, जळजळ होते, एवढंच. मग धण्याचं पाणी, सब्जा, गोखरूचा काढा. बदलापूरकडच्या कुणीतरी पळसाची फुलं आणून दिली. ती शिजवून गरम लगदा ओटीपोटावर बांधायचा. तो केशरी चिखल सतरंजीवर ओघळायचा आणि त्यात धोतराचा वास मिसळायचा. मला जेवण जात नसे.

मग एके दिवशी लघवी बंदच झाली. झालं, घरादाराने काढ्यांचा मारा सुरू केला. जितकं पोटात जाईल तितकं सुटेल म्हणे. दुसऱ्या दिवशी धोतर ओलं दिसलं आणि सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी कारखान्यात जाता जाता शेजाऱ्यांना सांगितलं, "वडिलांना आता मोकळं झालं."

कसलं डोंबलाचं मोकळं. धोतरं मी धूत होते. पिंप काठोकाठ भरल्यावर कडेवरून गळतं, तसं थेंब थेंब गळत होतं. सासूबाईंच्या हातात फुलांची वाटी देताना मामंजींचं पोट दिसलं, बेंबीपर्यंत टणक फुगलेलं. संध्याकाळी मामंजींना उलट्या सुरू झाल्या, ते काहीबाही बरळायला लागले. माणूस स्वतःच्या मुतापायी मरायला टेकला होता आणि बाहेरच्या खोलीत, तब्येत सुधारली म्हणून, पाहुण्यांचा चहा चालला होता.

मी पदर खोचला आणि त्या पुरुषांसमोर जाऊन उभी राहिले. "मामंजींना लघवी होत नाहीये. नुसती गळतेय. डॉक्टर आणा, नाहीतर ते जातील."

ह्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. जागचे हलले मात्र नाहीत. शेवटी पाहुण्यांपैकीच एकजण उठला आणि उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला. "कब से बंद है?"

सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या, हे छताकडे. "कालपासून," मी दारातून म्हटलं.

त्यांनी रबरी नळी उकळून घेतली, ह्यांना भांडं धरायला लावलं आणि मला दारातून बाजूला व्हायला सांगितलं. भांडं भरलं, मग दुसरं भरलं. वासाने पाहुणे अंगणात पळाले. नळी तशीच ठेवून हात धुताना डॉक्टर म्हणाले, "एक रात और जाती, तो खतम था."

मामंजींचा श्वास ठिकाणावर आला, त्यांनी डोळे उघडले. मी पुन्हा दारात आले होते. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. मुलाला म्हणाले, "हिला माहेरी पोचव. चारचौघांत माझं धोतर सोडलं हिनं."

ह्यांनी हातातलं भांडं खालीसुद्धा ठेवलं नाही. "बरं," म्हणाले.