पेटीतली हाक

हापूसची पेटी उघडली की आंब्याच्या आधी पेंढ्याचा वास येतो, आणि मला ओरोसच्या हॉलमधलं आमच्या कॉलेजचं प्रदर्शन आठवतं. आम्ही चित्रकलेच्या मुलींनी देवगडहून रिकाम्या पेट्या आणून रंगवल्या होत्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी पेंढ्याखाली स्पीकर दडवले होते, आणि प्रत्येक पेटीतून कुणाच्या तरी घरची हाक ऐकू यायची. माझ्या पेटीत माझ्या आईची हाक होती, तिच्या नकळत टिपलेली, "बाय, जेवूक ये गो!" उद्घाटनाला आई एसटीने आली, पदर सावरत पेटीशी वाकली आणि कान लावून तशीच राहिली. स्वतःचा आवाज तिने ओळखलाच नाही; तिला ती दुसऱ्याच कुणाची तरी आई वाटली. "कोणाची आवस गो ही? किती येळ हाक मारता, चेडू ओ देयना," ती माझ्यावरच करवादली. मग न राहवून त्या कुठल्याशा मुलीच्या वतीने तिनेच पेटीत तोंड घालून 'आले' म्हणून ओ दिली, "इलंय गे आये!" सगळा हॉल हसला, मीही हसले. आता पेटी पुण्याला कुरिअरने येते, आणि आई नाही. आंबे काढून झाले की मी खोलीचं दार लावते, उरलेल्या पेंढ्यावर वाकते आणि हळूच म्हणते, "इलंय गे आये."